बाहेरची तिसरी लाईन

हॉटेलातले सगळे तिला हॅलोमावशी म्हणत. मॅनेजरही म्हणायचा, पण पाठीमागे. तोंडावर तो 'बाई' म्हणे, कारण मावशी म्हटलं की ती खरंच मावशीसारखी वागायला लागे आणि त्याच्या कॉलरच्या मळापासून उशिरा येण्यापर्यंत सगळ्याची झडती घेई. तिची जागा तळमजल्यावर, स्वागतकक्षाच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत. समोर टेलिफोनचा जुना बोर्ड, कानावर हेडफोन आणि मागे दारावर तिच्या हस्ताक्षरातली पाटी: गप्पांसाठी इतरत्र जावे.

आयुष्याची ऐन वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. तिथे बायका रांगेने बसत आणि त्यांच्या मागून सुपरवायझरबाई लाकडी पट्टी घेऊन फिरत. लाईनवरचं बोलणं थांबलं की समजायचं, माणसं उठून गेली आणि रिसीव्हर नीट ठेवायला विसरली. त्या लाईनसाठी बाहेर कोणी ना कोणी ताटकळत असायचंच. मग खुर्चीच्या पाठीवर पट्टी आपटे, "रिकामी लाईन! तोडा!" इतकी वर्षं हे ऐकल्यावर हात डोक्याला विचारायचा थांबतो. कानात शांतता आली की हॅलोमावशीचं बोट आपोआप खटक्यावर जाई. एकदा घरी नवरा बोलता बोलता मध्येच थांबला, तर हिने टेबलावरच बोट दाबलं. बिचारा होता तोवर आल्यागेल्याला हा किस्सा सांगून हसवायचा.

एक्स्चेंजचा दुसरा नियम मात्र कोणी पट्टी आपटून शिकवला नव्हता. तो तिचा स्वतःचा होता. जोडायचं आणि बाजूला व्हायचं. लोकांची लग्नं, भांडणं, मयताच्या बातम्या तिच्या हाताखालून गेल्या, पण तिने एकाही बोलण्यात कधी नाक खुपसलं नाही. दुसऱ्याच्या फोनवर बोलणारी ऑपरेटर आणि दुसऱ्याच्या ताटात हात घालणारा पाहुणा, दोघांची तिला सारखीच चीड होती.

पुढे यंत्रं आली, एक्स्चेंज बंद झालं आणि ती या हॉटेलात आली. इथेही हातातल्या मोबाईलपुढे तिचा बोर्ड अडगळीतच जमा होता. मग साथ आली. विमानं बंद झाली, हॉटेलाला कुलूप लागलं, आणि थोड्या दिवसांनी ते कुलूप निघालं ते वेगळ्याच कामासाठी. परदेशात अडकलेल्यांना आणणारी मोजकी विमानं उतरायला लागली. त्यातली माणसं बसमधून थेट मागच्या दाराने आत यायची आणि एकेका खोलीत बंद व्हायची. दोन आठवडे बाहेर पाऊल टाकायचं नाही. प्रत्येक मजल्यावर पहारेकरी. पाऊल टाकलंच, तर मुक्काम पहिल्यापासून मोजायचा.

या मंडळींच्या मोबाईलमधली कार्डं परदेशातली. इथे ती चालेनात, आणि नवी आणायला जाणार कोण? एकदम सगळ्यांना खोलीतला फोन आठवला आणि हॅलोमावशीचा भाव वधारला. तिने मुलाला सांगून टाकलं की हे संपेपर्यंत मी घरी येत नाही, घरात लहान लेकरू आहे. ती चादरींच्या खोलीत झोपायची. सून फाटकाशी धुतलेले कपडे ठेवून लांबून हात हलवायची. सासूसुनेचं इतकं गोड याआधी कधी चाललं नव्हतं.

हॉटेलला बाहेरच्या लाईन तीन. दोन आरोग्य खात्याच्या टेबलाने घेतल्या. उरलेली तिसरी सगळ्या पाहुण्यांत मिळून. म्हणून नियम असा की प्रत्येकाने थोडक्यात बोलायचं आणि सोडायचं. हा नियम पाळून घ्यायचं काम हॅलोमावशीचं, आणि तिच्याइतकं खाष्ट माणूस त्या कामाला शोधून सापडलं नसतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ होते. निवृत्त मोजणीदार, आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेले. ती त्यांना काका म्हणे, ते तिला ताई. मुलीच्या बाळंतपणाला परदेशी गेले, तिथेच अडकले. बायको गुडघ्यांमुळे गेली नव्हती, ती इथेच होती. त्यांनी तिला कळवलं, अमक्या दिवशी येतोय. विमान रद्द झालं. पुन्हा कळवलं, पुन्हा रद्द. तिसऱ्या वेळी तर ते सामान घेऊन विमानतळावर बसले होते आणि तिथून परत पाठवले गेले. तेव्हा बायको फोनवर म्हणाली, "आता येतो येतो म्हणू नका. दारात उभे राहाल तेव्हाच सांगा." आणि खरोखर, त्यानंतर तिने विषयच काढला नाही.

मग बायकोलाच साथीचा आजार झाला. ते सुटेल त्या विमानाने आले आणि या खोलीत अडकले. दवाखाना गावातलाच, त्यांच्या खिडकीतून त्याची पाण्याची टाकी दिसायची. तरी त्यांनी तिला आल्याचं सांगितलं नव्हतं. दारात उभं राहूनच सांगायचं, असा पण केला होता. भेटीच्या परवानगीचा अर्ज वर गेला होता. 'वर' म्हणजे कुठे, हे आरोग्य खात्याच्या टेबलालाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी दुपारची जेवणाची पाकिटं दारांबाहेर ठेवून झाली आणि दवाखान्यातून वॉर्डातल्या नर्सचा फोन आला. आवाज दमलेला, मास्कमधून घुसमटलेला.

"कोपऱ्यातल्या काकांना सांगा, जे बोलायचं ते आज बोला. संध्याकाळचं मी काही सांगू शकत नाही."

"किती वेळ बोलू द्याल?"

"त्यांच्या बाईंना रिसीव्हर धरवत नाही. मी उशीला टेकवून ठेवते. मला चार पेशंट आहेत, मी तिथे उभी राहू शकत नाही. लाईनवर तुम्हीच लक्ष ठेवा."

म्हणजे ऐकत राहायचं. एवढ्या वर्षांचा आपला नियम मोडायला हॅलोमावशीला एवढासा वेळ लागला, याचं तिलाच नवल वाटलं. तिने कोपऱ्यातली खोली लावली आणि जे होतं ते सरळ सांगितलं.

"ताई, सांगू का तिला? आलोय म्हणून? ती म्हणेल, पुन्हा तेच. दारात तर नाहीच ना मी."

"काका, तुम्ही गावात आहात. ते तरी कळू दे त्यांना."

"बरं. जोडा."

तिने जोडलं. दवाखान्यातल्या बाजूने आधी नुसती ऑक्सिजनची फुसफुस आली आणि मग एक अस्पष्ट "हं".

"मी बोलतोय," काका म्हणाले. आणि मग त्या भल्या माणसाने काय बोलावं? स्वयंपाकघरातला नळ गळत होता तो दुरुस्त झाला का. शेजारीण कुंड्यांना पाणी घालते का. नात आता पालथी पडते, नाक तुझ्यावर गेलंय. पलीकडून अधूनमधून "हं" येत होतं. हॅलोमावशी खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती. सांगा ना काका, ती मनात ओरडत होती. नळाचं कसलं घेऊन बसलात, सांगून टाका!

बोर्डावर दिवे लुकलुकायला लागले. दुसऱ्या मजल्यावरचा एक व्यापारी होता, त्याला तिसरी लाईन हवी होती. तिने त्याला थांबवलं. त्याने पुन्हा बटण दाबलं. मग मॅनेजर नाकाखाली घसरलेला मास्क सावरत दारात आला.

"बाई, एकच माणूस लाईन अडवून बसलाय म्हणे. वरून तक्रार आलीये."

"येऊ दे."

"नियम तुम्हीच लावता ना सगळ्यांना?"

"लावते. आणि आज मीच मोडतेय. मास्क नाकावर घ्या आणि जा."

तो गेला, पण पुन्हा येईल हे तिला पक्कं माहीत होतं. व्यापाऱ्याचा दिवा डोळ्यांत खुपत होता. त्याला दोन शब्द सुनावण्यासाठी तिने त्याची खोली लावली, एका कानाने त्याचा आरडाओरडा ऐकला, दुसरा कान तिसऱ्या लाईनवर. तेवढ्यात त्या लाईनवर बोलणं थांबलं. काकांचा आवाज नाही. पलीकडचं "हं" नाही. फुसफुससुद्धा व्यापाऱ्याच्या ओरडण्याखाली बुडालेली.

आणि तिचं बोट गेलं.

खटका खाली पडल्याचा आवाज तिने ऐकला तेव्हा कुठे तिला कळलं, आपण काय केलं. बाहेरची लाईन तुटली होती. काकांची खोली मात्र अजून बोर्डाला जोडलेली होती, आणि त्याच क्षणी, इतका वेळ धीर गोळा करत गप्प बसलेले काका बोलायला लागले.

"अगं, मी आलोय. खोटं नाही. इथेच आहे, गावात. खिडकीतून तुझ्या दवाखान्याची टाकी दिसते, रोज सकाळी उठून तिच्याकडेच बघतो. दारात उभे राहाल तेव्हाच सांगा म्हणालीस, म्हणून बोललो नाही. दाराबाहेर पहारा आहे गं. नाहीतर मी काय इथे बसलो असतो?" त्यांचा आवाज फुटला. "चुकलंच माझं. तुला एकटीला ठेवून जायलाच नको होतं."

हॅलोमावशीने वॉर्डाचा नंबर फिरवला. एंगेज. अर्थातच एंगेज. रिसीव्हर तिकडे उशीवर उघडा पडलेला, तो कोणी खाली ठेवून पुन्हा उचलल्याशिवाय त्या फोनवर देवसुद्धा बोलू शकत नव्हता. पुन्हा फिरवला. एंगेज.

"ताई?" काकांनी हाक मारली. "ती काहीच म्हणत नाही. ऐकलं का हो तिनं?"

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. ऐकलं, काका, शांत झोपल्यात. कोणाला कळणार होतं? म्हाताऱ्याचं मन हलकं झालं असतं, मॅनेजर गप्प बसला असता, तिच्या इतक्या वर्षांच्या नावाला बट्टा लागला नसता. तो शब्द अगदी तिच्या ओठांवर आला होता, हे मान्य केलं पाहिजे. पण तिकडे ती बाई नळाच्या आणि कुंड्यांच्या गोष्टी ऐकून, नवरा अजून समुद्रापलीकडेच आहे असं समजून डोळे मिटणार होती. ते हॅलोमावशीला सोसवेना.

"नाही ऐकलं, काका. लाईन माझ्या हातून तुटली. तुम्ही बोलायच्या आधी."

तिने दवाखान्याच्या नंबरांचा कागद पुढे ओढला.

"मी परत जोडते. रिसीव्हर ठेवू नका. काही झालं तरी ठेवू नका."

तिने दवाखान्याचा मुख्य नंबर फिरवला. वाजत राहिला. पुन्हा फिरवला. शेवटी एका पुरुषाने उचलला, आवाजावरूनच तिला कळलं, बोर्डावरचा माणूस आहे.

"वॉर्डात मधल्या खाटेपाशी रिसीव्हर उघडा पडलाय," तिने एका दमात सांगितलं. "तो ठेवायला सांगा."

"बाई, वॉर्डात माणूस पाठवता येत नाही. सूट घालायलाच कितीतरी वेळ जातो."

"मग ओरडा! भोंगा नाही का तुमच्याकडे?"

"तो डॉक्टरांना बोलवायला आहे."

"अहो, मीही बोर्डावरच आहे," ती म्हणाली, आणि तिचा नेहमीचा करडा आवाज कुठल्या कुठे गेला. "माझ्या हातून रिकामी समजून लाईन तुटली. त्या बाईंकडे वेळ नाही हो. तुमच्या पाया पडते."

तो माणूस थांबला. असं आपल्या हातून कधी झालंय का, हे तो आठवत असावा. मग फोनमधूनच तिला भोंग्याचा घुमणारा आवाज ऐकू आला. वॉर्डातल्या सिस्टरांनी मधल्या खाटेवरचा फोन जागेवर ठेवावा. ठेवावा आणि वाजला की उचलावा.

तिने वॉर्ड लावला. एंगेज. लावला. एंगेज. मॅनेजर पुन्हा दारात येऊन उभा राहिला, "बाई, आता मात्र..." म्हणाला आणि तिचा चेहरा पाहून तिथेच गप्प झाला. तिने पुन्हा लावला. वाजला.

"लवकर," नर्स म्हणाली. "श्वास खूप लागलाय. पण शुद्धीत आहेत. कानाला लावते."

"काका, बोला. त्या ऐकतायत. बोला!"

काकांच्या बाजूने नुसता घशातला आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. हॅलोमावशीने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि वाट पाहिली. जो धीर गोळा करायला त्यांना अख्खी दुपार लागली होती, तो रिकाम्या लाईनवर खर्च होऊन गेला होता. तिच्यामुळे.

"ताई," ते कसेबसे म्हणाले, "माझ्याच्यानं नाही होत. तुम्ही ऐकलंत ना मघाशी? तुम्हीच सांगा."

आयुष्यात दुसऱ्याच्या फोनवर एक अक्षर न बोललेली बाई ती. तिने हेडफोनची नळी तोंडाजवळ ओढली.

"बाई, मी हॉटेलची ऑपरेटर बोलतेय. तुमचे हे आलेत. खोटं नाही, मी स्वतः रोज बोलतेय त्यांच्याशी. इथेच आहेत, गावात, माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून रोज तुमच्या दवाखान्याच्या टाकीकडे बघत बसतात. तुम्ही म्हणालात ना, दारात उभे राहाल तेव्हाच सांगा, म्हणून बोलले नाहीत. तुम्हाला एकटीला ठेवून गेले याचं त्यांना फार लागलंय." पुढे काही सुचेना तेव्हा ती म्हणाली, "आलेत हो ते."

फुसफुस चालू होती. मग त्या फुसफुशीतून एक बारीक, तुटक आवाज वर आला.

"आलेत ना?"

"हो. आलेत."

"मग... या म्हणावं."

आता काय सांगायचं? तपासणी, परवानगी, दोन आठवडे, दाराबाहेरचा पहारा? रोज शंभरदा पाहुण्यांच्या तोंडावर फेकलेले हे शब्द हॅलोमावशीच्या जिभेवर येईनात. नियम चुकीचा होता असंही तिला म्हणता येत नव्हतं. तिच्याच घरात लहान लेकरू होतं. पण त्या क्षणी त्या नियमाचा तिला इतका राग आला की डोळ्यांपुढे बोर्ड दिसेना.

"बाई, त्यांना ना..." तिने सुरुवात केली.

"निघालो," काका म्हणाले.

ती ताडकन उठली. निघाले म्हणजे? मजल्यावर पहारेकरी, खाली फाटकाशी पोलीस. म्हाताऱ्याला धरून परत आत कोंडतील, मुक्काम पहिल्यापासून सुरू होईल, आणि बायको गेली तर तिच्या अंत्यविधीलासुद्धा त्यांना बाहेर पडता येणार नाही. तिचा हात पहारेकऱ्याच्या बटणाकडे गेला.

"चपला घातल्या," काका म्हणत होते. "जिना उतरतोय. कठडा धरलाय, काळजी नको."

तिचा हात हवेतच राहिला. खोलीतल्या फोनची तार पलंगापासून दारापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. ते पलंगावरच बसले होते. ती हळूच खाली बसली.

"फाटकातून बाहेर आलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानं सगळी बंद, तुझ्या त्या शिंप्याचंसुद्धा. ऊन आहे, पण मी सावलीच्या बाजूनं चालतोय." मघाशी ज्यांना एक वाक्य धड बोलता येत नव्हतं ते काका पावलापावलाने बोलत होते. आयुष्यभर रस्ते आणि हद्दी मोजलेला माणूस, त्याला ही वाट तोंडपाठ होती. "डाक कार्यालय मागे टाकलं. कोपऱ्यावरच्या बाकावर टेकलो नाही, बरं का. सरळ चाललोय."

"ऐकतायत," नर्स हळूच म्हणाली. "डोळे उघडे आहेत."

मॅनेजर दारातच उभा होता. त्याने दुसऱ्या मजल्याचा लुकलुकणारा दिवा पाहिला, पुढे होऊन स्वतःच ती खोली लावली आणि व्यापाऱ्याला म्हणाला, "आज लाईन बंद आहे." हॅलोमावशी रडत होती, अगदी उघड, मास्क ओला होईपर्यंत.

"आता डावीकडे वळलो," काका म्हणाले. "समोर पूल दिसतोय. पूल उतरलो की आलोच तुझ्या दारात."

"पुलावरून नको."

आवाज क्षीण होता, पण त्यात ती जुनी, घरातली धार होती. काका चालता चालता खरंच थांबल्यासारखे थांबले.

"का गं?"

"बंद केलाय. पत्रे... ठोकलेत. तुम्ही नव्हता तेव्हा."

"मला काय माहीत! मग कुठून येऊ?"

"मागून. शाळेच्या बाजूनं."

"लांब पडेल गं ते."

"पडू दे." बराच वेळ नुसता श्वास आला आणि गेला. "या तुम्ही."

"थांबशील ना तोवर?"

"थांबलेय."